एसेक्सचा ‘गेरीमँडर’ : चित्राची साक्ष व कायद्याची साक्ष

(१)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स या संस्थानाच्या ईशान्य कोपऱ्यांत एसेक्स नांवाची काउंटी, म्हणजे आपल्याकडील भाषेंत जिल्हा, आहे. संस्थानाच्या सिनेटच्या निवडणुकीसाठीं इ. स. १८१२ सालीं या जिल्ह्याचे दोन भाग करण्यांत आले. त्यांपैकीं एका भागाचा नकाशा एका चित्रकारानें पुढें घेतला, त्यास पंख, नखें व दांत लाविले, आणि तें चित्र ‘बोस्टन गॅझेट’ या पत्राच्या २६ मार्च १८१२ च्या अंकांत प्रसिद्ध झालें. संस्थानचा तत्कालीन गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याचें नांव आणि ‘सॅलमँडर’ या सरड्याच्या आकाराच्या प्राण्याचें नांव यांची सांगड घालून चित्रास ‘गेरीमँडर’ असें नांव देण्यांत आलें. पक्षाच्या लाभासाठीं मतदारसंघाच्या सीमा फिरविण्याच्या कृत्यास इंग्रजी भाषेंत तेव्हांपासून हाच शब्द रूढ झाला. गव्हर्नरच्या नांवाचा उच्चार ‘गेरी’ असा होता. शब्द मात्र पुढें ‘जेरीमँडर’ या उच्चारानें चालूं लागला.

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हें चित्र वारंवार येतें, आणि बहुधा पुरावा म्हणूनच येतें. वाचकानें आकृति पाहावी, ती विद्रूप आहे हें डोळ्यांनीं ओळखावें, आणि अन्याय सिद्ध झाला असें मानावें, अशी त्या मांडणीची रीति आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत समकालीन पत्रांच्या कसोटीवर बखरी घांसून पाहिल्या. तेव्हांपासून रंजक वृत्तांतास पुरावा मानण्यापूर्वीं तो कोणी, केव्हां व कोणत्या हेतूनें रचला हें विचारण्याची शिस्त आपल्या इतिहासाभ्यासास लागली. उपहासचित्र ही एका अर्थीं बखरच होय. तींत सत्य असतें, परंतु तें पक्षाच्या रंगांत बुडालेलें असतें. ‘गेरीमँडर’च्या चित्रास तीच कसोटी लावून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. चित्र खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें दाखविलेला अन्याय खरा होता. परंतु तो जेथें होता असें चित्र सुचवितें, तेथें तो नव्हता. हा भेद केवळ पंडिती नाहीं, हें पुढें दिसून येईल.

(२)

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना १७८० सालची. तिच्या अन्वयें सिनेटसाठीं ४० प्रतिनिधि निवडावयाचे असत. त्यांची वांटणी लोकसंख्येवर नसून, ज्या भागाकडून सार्वजनिक करांचा जितका भरणा होई त्या प्रमाणावर होती. मतदारसंघांची संख्या १३ हून कमी असूं नये, आणि कोणत्याहि एका मतदारसंघास ६ हून अधिक सिनेटर असूं नयेत, अशीं दोन बंधनें घातलेलीं होतीं. कायदेमंडळास फेरबदल करणें अवश्य वाटेपर्यंत काउंटी हेच मतदारसंघ समजावेत, असेंहि त्यांत सांगितलें होतें. काउंटी फोडूं नये असा निषेध मात्र त्यांत कोठेंहि नव्हता. मताचा अधिकार २१ वर्षांवरील व ठराविक मालमत्ता असणाऱ्या पुरुषांनाच होता, आणि निवडणूक प्रतिवर्षीं होत असे.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या मतदारसंघास पांच जागा, तेथील प्रत्येक मतदार पांच नांवें देई. अर्थात् ज्या पक्षाकडे थोडें का होईना बहुमत असे, त्याच्याच पदरांत बहुधा सर्व जागा पडत. शंभर मतदारांपैकीं पंचावन्न एका पक्षाचे व पंचेचाळीस दुसऱ्याचे असले, तर फळ तीनास दोन असें न येतां पांचास शून्य असें येई. म्हणजे प्रमाणाचा भंग १८१२ च्या कायद्यानें प्रथमच केला असें नाहीं. तो जुन्या पद्धतींतच घर करून होता.

त्या काळीं संस्थानांत दोन पक्ष तुल्यबळ होते. एक फेडरलिस्टांचा, व दुसरा जेफर्सन व मॅडिसन यांच्या अनुयायांचा. दुसऱ्या पक्षास तेव्हां रिपब्लिकन म्हणत; आजच्या त्याच नांवाच्या पक्षाशीं त्याचा संबंध जोडूं नये. गेरी हा १८१० व १८११ या दोन्ही वर्षीं गव्हर्नर निवडून आला होता, आणि कायदेमंडळांतहि त्याच्या पक्षाचें बहुमत झालें होतें. ही संधि साधून त्या पक्षानें सिनेटच्या मतदारसंघांची नवी आंखणी केली. ११ फेब्रुवारी १८१२ रोजीं गेरी यानें त्या कायद्यावर सही केली. आंखणी साऱ्या संस्थानाची होती. एसेक्स हा तिचा एक अंश, हें चित्र पाहतांना सहज विसरलें जातें.

(३)

आतां भूगोल. एसेक्सच्या पूर्वेस अटलांटिक महासागर, उत्तरेस न्यू हॅम्पशायर संस्थान, पश्चिमेस मिडलसेक्स काउंटी आणि दक्षिणेस बोस्टनचा परिसर आहे. मेरिमॅक नदी जिल्ह्याच्या उत्तर भागांतून वाहत येऊन न्यूबरीपोर्टजवळ समुद्रास मिळते. जिल्ह्याचे घटक म्हणजे ‘टाउन’. वस्ती व तिच्या भोंवतालचें शिवार मिळून एक टाउन होतें, आणि त्या देशाच्या स्थानिक कारभाराचें मूळ माप तेंच आहे.

नव्या कायद्यानें जिल्ह्याच्या कडेकडेनें एक पट्टा काढला. दक्षिणेस चेल्सीपासून आरंभ करून लिन, मार्बलहेड, सेलम. तेथून आंत वळून डॅनव्हर्स, लिनफील्ड, मिडलटन. मग पश्चिमेच्या व उत्तरेच्या सीमेनें अँडोव्हर, मेथुएन, हेव्हरिल, एम्सबरी. आणि शेवटीं नदीच्या उत्तर तीरावर पुन्हा समुद्रास भिडणारें सॉल्सबरी. चित्रांतील प्राण्याचें डोकें तें हेंच सॉल्सबरी होय. या पट्ट्याच्या कवेंत न्यूबरीपोर्ट, न्यूबरी, राउली, इप्सविच, ग्लॉस्टर, बेव्हर्ली, टॉप्सफील्ड, बॉक्सफर्ड इत्यादि टाउनें राहिलीं, व त्यांचा दुसरा मतदारसंघ झाला. पूर्वीं एकत्र असलेल्या पांच जागांपैकीं बाहेरच्या पट्ट्यास तीन व आंतील भागास दोन देण्यांत आल्या.

हा भूगोल डोळ्यांपुढें ठेवून चित्राकडे पाहिलें असतां तीन गोष्टी निदर्शनास येतात.

पहिली ही कीं, कोणतेंहि टाउन फोडण्यांत आलें नव्हतें. पुढील काळांत रस्त्यांच्या, किंबहुना घरांच्या रांगांवरून ज्या सीमा ओढण्यांत आल्या, तसला प्रकार येथें नाहीं. टाउनांच्या हद्दी मुळांतच वेड्यावांकड्या होत्या. चित्रांतील कित्येक वळणें त्या जुन्या हद्दींचीं आहेत, कायदा करणाऱ्यांचीं नव्हेत.

दुसरी गोष्ट अशी कीं, प्राण्याची पाठ म्हणून जी लांब रेषा दिसते, ती बव्हंशीं एसेक्स काउंटीची जुनी पश्चिम व उत्तर सीमाच आहे. ती कोणीहि नवी काढिली नाहीं. नवी रेषा म्हणजे प्राण्याच्या पोटाकडील, दोन मतदारसंघांस विलग करणारी. जुन्या सीमेचें उल्लंघन एकाच ठिकाणीं झालें आहे, तें चेल्सी येथें. हें टाउन सफोक काउंटीचें, म्हणजे बोस्टनच्या काउंटीचें. तें तेथून काढून एसेक्सच्या पट्ट्यास जोडलें. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां एसेक्सपुरतें अत्यंत बोलकें कृत्य हेंच. परंतु चित्रकारानें त्यावर विशेष भर दिलेला नाहीं, कारण त्यामुळें प्राणी अधिक भयंकर दिसत नाहीं.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जें चित्रांत नाहीं तें. एकाच रेषेनें दोन मतदारसंघ निर्माण झाले. बाहेरचा लांबट व वांकडा झाला. आंतला आटोपशीर, सलग, समुद्रकांठचा, पाहणाऱ्यास अगदीं स्वाभाविक वाटावा असा झाला. या दोहोंतील दुष्ट मतदारसंघ कोणता? चित्र म्हणतें बाहेरचा. परंतु विरोधी पक्षाचें बळ ज्यांत कोंडून ठेवावयाचें, तो मतदारसंघ आंतलाच होता. न्यूबरीपोर्ट हें फेडरलिस्टांचें प्रसिद्ध ठाणें. तेथें त्यांना कितीहि अधिक मतें पडलीं, तरी जागा दोनाच्या वर जाणार नव्हत्या. बाहेरच्या पट्ट्यांत मार्बलहेडसारखीं रिपब्लिकनांचीं टाउनें एका सूत्रांत ओंवून तीन जागा निश्चित केल्या. आंतला भाग सुडौल दिसला म्हणून निर्दोष ठरत नाहीं, आणि बाहेरचा विद्रूप दिसला म्हणून एकटा दोषी ठरत नाहीं. तुरुंगाची इमारत चौकोनी असली, म्हणून कैद्याची सुटका होत नाहीं.

(४)

निकालाकडे वळूं. एसेक्समधून पूर्वीं पांचहि फेडरलिस्ट जात, आणि नव्या आंखणीनंतर तीन रिपब्लिकन व दोन फेडरलिस्ट गेले, असा वृत्तांत परंपरेनें दिला जातो, व त्यावर अन्यायाची इमारत उभी केली जाते. परंतु या वृत्तांताचा अर्थ नीट लाविला पाहिजे. ज्या जिल्ह्यांत दोन्ही पक्षांचीं बलवान् ठाणीं होतीं, तेथें एकाच पक्षास पांचहि जागा मिळणें हें प्रमाणास धरून होतें काय? एसेक्सपुरतेंच पाहिलें, तर तीनास दोन हा विभाग पांचास शून्य या विभागाहून मतांच्या प्रमाणास अधिक जवळचा ठरण्याचा संभव आहे. म्हणजे ज्या मतदारसंघाचें नांव अन्यायाची खूण म्हणून जगभर झालें, त्या जिल्ह्यांतच, एकटा घेतला असतां, अन्याय सिद्ध करणें कठिण जातें. हें विधान विलक्षण वाटेल. परंतु चित्र बाजूस ठेवून हिशोब मांडणाऱ्यास तें टाळतां येत नाहीं.

मग अन्याय कोठें? तो सबंध संस्थानाच्या बेरजेंत आहे. १८१२ च्या निवडणुकींत सिनेटसाठीं रिपब्लिकन पक्षास एकंदर ५०,१६४ मतें पडलीं व त्याचे २९ सिनेटर आले. फेडरलिस्टांस ५१,७६६ मतें पडलीं व त्यांचे ११ आले. शेंकडा ४९ मतांवर शेंकडा ७२ हून अधिक जागा मिळाल्या. दुसऱ्या रीतीनें पाहिल्यास, रिपब्लिकनांस एका जागेमागें सुमारें १,७३० मतें लागलीं, तर फेडरलिस्टांस ४,७०६ लागलीं. एका पक्षाच्या मतदाराचें मोल दुसऱ्या पक्षाच्या मतदाराच्या पावणेतीनपट झालें.

या आंकड्यांवरहि एक आक्षेप संभवतो. बहुमतवाल्यास सर्व जागा देणारी पद्धति जुनीच असल्यामुळें, जी तफावत दिसते ती सारी नव्या सीमांच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. आक्षेप रास्त आहे. त्याचें उत्तर त्याच वर्षाच्या दुसऱ्या दोन निवडणुकींत सांपडतें. गव्हर्नरची निवड सबंध संस्थान मिळून करी. तेथें सीमा नाहींत, म्हणून सीमांची कारागिरीहि नाहीं. त्या निवडणुकींत गेरीचा पराभव झाला व फेडरलिस्ट पक्षाचा केलेब स्ट्राँग निवडून आला. कनिष्ठ सभागृहाचे सभासद टाउनांतून निवडले जात, आणि नव्या कायद्याचा हात त्यांपर्यंत पोंचत नव्हता; तेथेंहि फेडरलिस्टांचें बहुमत झालें. मतदार तेच, वर्ष तेंच, पक्ष तेच. तीन ठिकाणीं मतें मोजलीं गेलीं, आणि जेथें सीमा नव्यानें आंखल्या होत्या तेवढ्या एकाच ठिकाणीं कौल उलटा पडला. इतिहासांत प्रयोगशाळेसारखी तुलना क्वचित् हातीं लागते. येथें ती लागली आहे. १८१२ च्या कायद्याविरुद्ध खरा पुरावा हा आहे. यांत पंख नाहींत, नखें नाहींत, म्हणून तो चित्राइतका लोकांच्या तोंडीं राहिला नाहीं.

(५)

चित्राच्या जन्मकथेविषयींहि थोडें लिहिणें अवश्य आहे, कारण तिच्यावरून परंपरा कशी बनते हें दिसतें. दीर्घकाळ असें सांगत असत कीं, प्रख्यात चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट हा एका वृत्तपत्राच्या कचेरींत गेला असतां त्यानें भिंतीवरील नकाशास पेन्सिलीनें पंख व नखें जोडलीं, व संपादकानें तत्क्षणीं नांव सुचविलें. कथा चटकदार आहे. परंतु तींत जें पत्र सांगितलें जातें तें ‘कोलंबियन सेंटिनेल’, आणि चित्र छापलें ‘बोस्टन गॅझेट’नें. न्यू इंग्लंडमधील वंशेतिहास संशोधन करणाऱ्या संस्थेच्या त्रैमासिकांत जॉन वॉर्ड डीन यानें १८९२ सालीं या कथेची छाननी केली, आणि आतां चित्राचें श्रेय सामान्यतः एल्केना टिस्डेल या चित्रकारास देतात. मोठ्या कृतीस मोठें नांव चिकटवण्याची लोकांची खोड सर्व देशांत सारखीच आहे.

गेरीवरील दोषारोपहि याच दृष्टीनें तपासला पाहिजे. हा मार्बलहेडचा रहिवासी, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, आणि १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें तयार झालेल्या राज्यघटनेवर सही करण्याचें नाकारणारा पुरुष होता. त्याचा जांवई व चरित्रकार जेम्स ऑस्टिन लिहितो कीं, सासऱ्यास हा कायदा मनापासून नापसंत होता. आप्ताची ही साक्ष जपूनच घेतली पाहिजे. शिवाय ती खरी मानली तरी दोष धुऊन निघत नाहीं. संस्थानच्या घटनेनें गव्हर्नरास विधेयक परत पाठविण्याचा अधिकार दिला होता, आणि परत आलेलें विधेयक मंजूर करण्यास दोनतृतीयांश बहुमत लागे. तो अधिकार त्यानें वापरला नाहीं. परंतु कायदा एकट्या गेरीचा नव्हता, पक्षाचा होता. चित्राच्या नांवामुळें पक्ष विस्मृतींत गेला व माणूस तेवढा राहिला. १८१३ सालीं गेरी संयुक्त संस्थानांचा उपाध्यक्ष झाला, आणि १८१४ च्या नोव्हेंबरांत त्या अधिकारावर असतांनाच वारला. कायद्याचें आयुष्य त्याहूनहि थोडें ठरलें. जून १८१२ मध्यें इंग्लंडशीं सुरू झालेलें युद्ध न्यू इंग्लंडांत अप्रिय होतें. फेडरलिस्टांचें बळ वाढलें, आणि १८१३ सालीं ती आंखणी रद्द करण्यांत आली.

(६)

इतकी छाननी केल्यानें काय साधलें, असा प्रश्न वाचक करतील. उत्तर असें कीं, चित्राच्या साक्षीवर विसंबल्यामुळें पुढील पिढ्यांनीं दोष ओळखण्याची खूणच चुकीची धरली. आकार विद्रूप तर अन्याय, आकार सुडौल तर न्याय, अशी समजूत रूढ झाली. आणि या समजुतीचा लाभ कोणास होतो, तर सुडौल आकारांत अन्याय बसविण्याचें कसब असलेल्यास.

याचें अलीकडील उदाहरण विस्कॉन्सिन संस्थानाचें आहे. तेथें २०११ सालीं कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे ९९ मतदारसंघ नव्यानें आंखले गेले. १८१२ च्या प्राण्यासारखें कोणतेंहि एक चित्र त्या आंखणीची खूण म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढें आलें नाहीं. वाद चालला तो मुख्यतः आंकड्यांवर. २०१२ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षास शेंकडा ४८.६ मतांवर ९९ पैकीं ६० जागा मिळाल्या. दोन शतकांपूर्वींच्या मॅसॅच्युसेट्सचाच हा हिशोब, फक्त प्राणी अदृश्य झालेला. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं संस्थानिक कायदेमंडळांचे मतदारसंघ लोकसंख्येनें समान असले पाहिजेत असें ठरवून करांच्या प्रमाणासारखे जुने पाये उखडले होते. परंतु समान लोकसंख्येच्या मर्यादेंतहि रेषा फिरवितां येते. विस्कॉन्सिनचा वाद २०१८ सालीं त्या न्यायालयापुढें आला, तेव्हां फिर्यादींनीं आपली व्यक्तिशः हानि सिद्ध केली नाहीं या कारणास्तव तो परत पाठविण्यांत आला. आणि २०१९ सालीं, दुसऱ्या दोन संस्थानांच्या प्रकरणांत, पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय झाला कीं, पक्षहितासाठीं केलेल्या आंखणीचा प्रश्न मध्यवर्ती न्यायालयांनीं सोडविण्याजोगा नाहीं. योग्य माप कोणतें हें निश्चित नाहीं, हें त्या निर्णयाच्या मुळाशीं असलेलें एक कारण. माप निश्चित नसण्यास, दोनशें वर्षें आपण चित्र पाहत राहिलों व बेरीज करण्यास विसरलों, ही गोष्टहि कांहीं अंशीं कारण झाली असावी.

हिंदुस्थानांत ही आंखणी कायदेमंडळानें स्वतः न करितां स्वतंत्र परिसीमन आयोगाकडे सोंपविण्याची प्रथा १९५२ च्या कायद्यापासून पडली. मतदारसंघ शक्यतों भौगोलिक दृष्ट्या सलग व आटोपशीर असावेत, आणि नैसर्गिक रचना, कारभारी विभागांच्या सीमा, दळणवळण व लोकांची सोय यांकडे लक्ष द्यावें, असें २००२ च्या कायद्यांत सांगितलें आहे. त्याच कायद्याच्या आधारें २००८ सालीं महाराष्ट्राच्या विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या सीमा नव्यानें अमलांत आल्या. आंखणारा हात पक्षाचा नसावा ही व्यवस्था उत्तम होय. परंतु आटोपशीरपणा ही सोयीची कसोटी आहे, न्यायाची नव्हे, हें एसेक्सच्या उदाहरणावरून आपणहि ध्यानांत ठेवणें बरें. तालुक्याची सीमा पाळली म्हणजे सर्व पाळलें असें होत नाहीं. कोणत्या तालुक्यास कोणता तालुका जोडला, यांतच पुष्कळ कांहीं ठरून जातें.

आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा. १८१२ च्या कायद्यानें अन्याय केला, परंतु घटनेचें अक्षर मोडलें नाहीं. ज्या मतदारसंघाचें चित्र निघालें, त्याच्याइतकाच ज्याचें चित्र निघालें नाहीं तोहि त्या कृत्याचा भाग होता. आणि खरा पुरावा आकृतींत नसून २९ व ११ या दोन आंकड्यांत व त्यांच्या शेजारीं ठेवलेल्या गव्हर्नरच्या निकालांत आहे. मतदारसंघांचा इतिहास लिहिणारानें नकाशा अवश्य पाहावा. परंतु त्याच्या शेजारीं मतांची व जागांची बेरीज, आणि जो भाग नकाशांत रंगविला नाहीं त्याची हकीकत, हीं दोन्ही मांडून ठेवल्यावांचून निर्णय देऊं नये.